तेंप्लो मायोर, मेक्सिको सिटी: करड्या दगडांवरून ठरवू नका

सोकालो चौकात लोक कॅथेड्रल बघतात आणि तसेच जेवायला जातात, शेजारी अझ्टेकांचं, म्हणजे स्पॅनिश येण्याआधी इथं राज्य करणाऱ्यांचं, मुख्य देऊळ तेंप्लो मायोर आहे ते राहूनच जातं. चुकवू नका.

आत गेल्यावर आधी वाटतं हे काय, नुसते पडके चौथरे, कारण १५२१ नंतर स्पॅनिशांनी देऊळ पाडलं आणि दगड स्वतःच्या बांधकामांना वापरले. पण मुळात एकाच पिरॅमिडवर दोन देवळं होती, उत्तरेचं पावसाच्या त्लालोकचं, निळं, आणि दक्षिणेचं सूर्य आणि लढाईचा देव विट्सिलोपोच्त्लीचं, लाल. म्हणजे एकीकडं पाणी आणि मका, दुसरीकडं रक्त आणि युद्ध, अख्खं राज्य ज्यावर चालायचं ते दोन रंगांत मांडलेलं. शेंदराशिवाय आपला मारुती ओळखू येईल का, तसंच रंग गेलेल्या या दगडांचं. त्लालोकच्या देवळापुढं छपराखाली चाकमोल आहे, म्हणजे पोटावर भांडं धरून उताणा रेललेला दगडी माणूस, त्याच्या अंगावर जुना रंग अजून टिकलाय, सगळे तिथून पुढं पळतात, तुम्ही थांबा.

म्युझियमची आठ दालनं पण तशीच वाटलीत, दक्षिणेची युद्धदेवाची, उत्तरेची पावसाची, हे आधी माहीत असेल तर फिरायला मजा येते. विट्सिलोपोच्त्लीची बहीण कोयोल्शाउकी, तिची सव्वातीन मीटरची गोल शिळा वरच्या मजल्यावरून बघा. १९७८ मध्ये विजेच्या कामगारांना खोदताना ती लागली आणि तिथून मोठं उत्खनन सुरू झालं. कथा अशी की विट्सिलोपोच्त्लीनं कोआतेपेक डोंगरावर या बहिणीचे तुकडे करून तिला खाली ढकललं, आणि शिळा सापडली बरोब्बर त्याच्याच बाजूच्या पायऱ्यांच्या तळाशी, म्हणजे देऊळ हाच तो डोंगर!! मला तरी सगळ्यात भारी हेच वाटलं. खाली २००६ मध्ये सापडलेली भूदेवता त्लाल्तेकुत्लीची शिळा आहे, बारा टनांच्या आसपास वजन, आणि तिच्यावरचे गेरू, लाल, निळा रंग अजून दिसतात.

चौकात गाठणारे गाईड घेऊ नका, आम्ही घेतलेला एक जण नरबळीच्या पुढं सरकेचना, रंगांचं विचारलं तर नुसता हसला. पाट्या बऱ्याचशा स्पॅनिशमध्ये आहेत, फोनमध्ये ट्रान्सलेट अ‍ॅप टाकून ठेवा. बाहेर सावली कमी म्हणून टोपी लागतेच, आणि सोमवारी बंद असतं.