बाकरवडी घरी: चार रविवार आणि एक व्हर्निअर

निकाल आधीच सांगून टाकतो. चितळ्यांची बाकरवडी आमच्या घरी झाली नाही. जुलैचे चारही रविवार गेले, दोन लिटर शेंगदाणा तेल गेलं, ओट्याच्या ताब्यावरून आमचं दोनदा वाजलं. चौथ्या रविवारी तिच्या बऱ्यापैकी जवळ जाणारी वडी झाली. आणि उरलेल्या मसाल्यातून एक भलतीच वस्तू निघाली, तिच्याबद्दल पुढे.

मी भोसरीला टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारं आणि साचे बनतात तिथे, चौतीस वर्षं काढली. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण ‘ही बनवली कशी असेल’ हा विचार केल्याशिवाय अजून कुठलीच वस्तू हातातून सुटत नाही. चार वाजताच्या चहाबरोबर दोन बाकरवड्या हा माझा नेम. जूनमध्ये नात म्हणाली, “आबा, एवढी आवडते तर घरी का नाही करत?” आमच्याकडे चकल्या घरी होतात, अनारसे होतात, चिरोटेसुद्धा होतात. बाकरवडी कधी झाली नव्हती. पुण्यात बाकरवडी करत नाहीत, आणतात. चितळ्यांची पेढी 1950 सालची, बाजीराव रस्त्यावर तिचं दुकान. ते पूर्वी दुपारी एक ते चार बंद राहायचं, त्यावर जेवढे विनोद झाले, तेवढे पेशव्यांवरही झाले नसतील. अशा वस्तूला घरी हात घालणं म्हणजे जरा आगाऊपणाच.

म्हणून सुरुवात नमुना तपासण्यापासून केली. पाकिटातली एक वडी नव्या ब्लेडने मधोमध कापली आणि भिंगाखाली धरली. पारी पातळ, तिचे वेढे घट्ट, वेढ्यांच्या मधे मसाल्याची जवळजवळ कोरडी रेघ. जीभेवर आधी गोड येतं, मागून आंबट, आणि घास गिळल्यावर घशाशी तिखट. बडीशेप आणि धने अर्धवट भरडलेले, त्यामुळे मधेच एखादा दाणा दाताखाली येतो आणि त्या घासापुरती चव बदलते. पण खरी गोम पुढे आहे. ती वडी बाहेरून जितकी खुसखुशीत असते तितकीच अगदी मधल्या वेढ्यापर्यंत असते. चावल्यावर एकच आवाज येतो. मधे मऊ लागत नाही, पिठूळ लागत नाही. मसाल्याची चव कुणीही जुळवेल. हा मधला वेढा मला चार रविवार पुरला.

इथे आमच्या घरातला वाद नोंदवून ठेवतो. ही नागपूरची. लग्न झाल्यापासून तिचं म्हणणं, की बाकरवडी म्हणजे त्यांच्या पुडाच्या वडीला पुणेकरांनी सुकवून, आखडून, बरणीत घातलेली आवृत्ती. पुडाची वडी, म्हणजेच सांबारवडी. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मला हे लग्नानंतर तिसऱ्या दिवशी कळलं, मंडईतून सांबार मसाला आणून दिल्यावर. दुसऱ्या बाजूला गुजरातेत भाखरवडी आहे, बडोद्याची तर नावाजलेली. चितळ्यांच्या वडीत या दोन्हींचा अंश आहे अशीच तिच्या जन्माची गोष्ट सांगतात, त्यामुळे ही म्हणते त्यात तथ्य आहे. हे मी तिच्यासमोर अजून मान्य केलेलं नाही.

पहिला रविवार. पारीला दीड वाटी बेसन, पाऊण वाटी मैदा, तीन मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन, हळद, हिंग, मीठ. नुसत्या बेसनाची पारी वळताना तडकते, नुसत्या मैद्याची चिवट होते, म्हणून दोन्ही. सारणात एक वाटी सुक्या खोबऱ्याचा भाजलेला कीस, तीळ, खसखस, धने, जिरे, बडीशेप, लाल तिखट, आमचूर, पिठीसाखर, मीठ. (खसखशीच्या पुडीचा भाव ऐकून मी वाण्याला दोनदा विचारलं. तो म्हणाला, काका, तुम्ही बऱ्याच दिवसांनी वाणसामान घेताय वाटतं.) पोळी लाटली, सारण पसरलं, गुंडाळी केली, कापली, तेलात सोडली. मिनिटभरात कढईत खोबरं, तीळ आणि खसखस मोकळी पोहत होती आणि वड्या पोकळ स्प्रिंगा होऊन वर आल्या होत्या. खोबरं जळल्यावर जो वास सुटतो तो पडद्यांतून मंगळवारी गेला. शंभर टक्के रिजेक्शन. एवढ्यावर नातीने मात्र स्प्रिंगा चहात बुडवून खाल्ल्या, हेही नमूद करतो.

कारण उघड होतं. सारण पारीला धरून ठेवणारं काही नव्हतं. दुसऱ्या रविवारी पारीला चिंचगुळाचा कोळ लावला आणि त्यावर सारण पसरलं. आता एक तीळही सुटला नाही, वड्या रंगाला सुंदर झाल्या, मी फोटोसुद्धा काढला. चावली तर मधला वेढा कच्च्या बेसनासारखा. कोळ सढळ हाताने लावला होता, वरून आच मोठी होती. बाहेरचं पीठ तांबूस होईपर्यंत आतलं पाणी आतच.

त्या संध्याकाळी मी परत एक घाणा घेतला आणि फक्त बुडबुड्यांकडे बघत बसलो. तेलात वडी सोडली की जे बुडबुडे येतात ते तेलाचे नसतात, वडीतल्या पाण्याची वाफ असते. ते जोरात असेपर्यंत आत पाणी आहे. ते शांत झाले की वडी सुकली. मग रंग बघायची गरज नाही, किंवा रंग बघून फसायची गरज नाही. पण बुडबुडे थांबेपर्यंत रंग काळा होऊ द्यायचा नसेल तर तेल 150 अंशांच्या आसपास ठेवून बारा-पंधरा मिनिटं उभं राहावं लागतं. सारणात साखर आहे, ती आच वाढली की लगेच करपते. माझ्याकडे काट्याचं थर्मामीटर आहे, ते कढईत धरून उभा होतो. ही दारातून बघून म्हणाली, “अहो, वडी तळताय की ताप बघताय?”

तिसरा रविवार आळसाचा. भाजणं-भरडणं टाळावं म्हणून बाकरवडीचा तयार मसाला विकत आणला. कंपनीचं नाव घेत नाही. पुडी फोडली तेव्हाच खोबऱ्याला खवट वास होता. सुकं खोबरं तेलकट असतं, कुटल्यावर त्याला हवा लागते आणि ते लवकर खवट होतं, हे माहीत असून मी तो वापरला, कारण पैसे दिले होते. वड्या दिसायला चौथ्या रविवारपेक्षाही चांगल्या आल्या. खाल्ल्या कुणीच नाहीत. तयार मसाल्याला माझं मत विचाराल तर शून्य. धने-जिरे भाजायला सात मिनिटं लागतात, ती वाचवून पूर्ण दुपार घालवली.

चौथा रविवार. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात एक गोष्ट सांगितली होती: सारणात मूठभर बारीक शेव चुरून घाला. शेव कोरडी, ती कोळातलं जादा पाणी पिते आणि सारणही जागच्या जागी धरते. टूलरूमच्या चौतीस वर्षांत मला सुचलं नसतं. तर या खेपेला पीठ घट्ट भिजवून वीस मिनिटं झाकून ठेवलं. पोळी दोन मिलिमीटरच्या आत लाटली. कोळ ब्रशने, नुसता ओलावा दिसेल इतकाच. सारण पसरून त्यावरून लाटणं हलकं फिरवलं, म्हणजे ते पारीत रुतलं. गुंडाळी करताना प्रत्येक वेढ्याला बोटांनी मागे ओढत घट्ट केलं, कडेला पाण्याचं बोट लावलं, आणि मग अख्खा रोल ओट्यावर तळव्याखाली लोळवला, आत हवा राहू नये म्हणून. दीड सेंटिमीटरचे तुकडे. प्रत्येक तुकडा कापलेल्या बाजूने तळव्यात हलका दाबला. तळायच्या आधी अर्धा तास पंख्याखाली.

अठ्ठेचाळीस वड्या झाल्या. तीन सुटल्या. बाकीच्या मंद आचेवर, बुडबुडे शांत होईपर्यंत तळल्या.

गार झाल्यावर जाडी मोजायचा व्हर्निअर काढला. सगळ्यात जाड वडी 19 मिलिमीटर, सगळ्यात बारीक 11. आठ मिलिमीटरचा फरक. आमच्या साहेबांनी तो जॉब खिडकीतून बाहेर फेकला असता. जाड वड्यांचा मधला वेढा किंचित मऊ होता, बारीक वड्या जरा जास्त तांबूस, आणि चौदा-पंधराच्या आसपासच्या वड्या, साधारण वीसेक, त्या खरंच वडीसारख्या वडी होत्या. त्यावरून मला दुकानाचं कौतुक नव्याने वाटलं. तिथे वडी यंत्रावर होते म्हणून पूर्वी मी जरा नाक मुरडायचो, हाताची ती हाताची म्हणायचो. पण मधल्या वेढ्यापर्यंत एकसारखं तळायचं तर प्रत्येक वडीची जाडी एकसारखीच हवी, आणि ती हाताने येत नाही. निदान माझ्या हाताने, विळीने आणि अंदाजाने तरी नाही.

आता चव. पहिल्या दिवशी घरची वडी सरस, आणि यात मी घरचा म्हणून एक मार्कही वाढवलेला नाही. ताज्या भाजलेल्या खोबऱ्याचा आणि बडीशेपेचा वास पाकिटातल्या कुठल्याच वस्तूत राहू शकत नाही. साखर मी कमी घातली होती आणि लवंगी मिरचीचं तिखट थोडं जास्त, त्यामुळे हिलाही पटली. तिच्या मते दुकानातली ‘पुण्याच्या लोकांसाठी’ असते. दुसऱ्या दिवशी दोन्ही सारख्या. चौथ्या दिवशी घरची मऊ पडायला लागली. एक चूक माझी होती: निम्म्या वड्या कोमट असतानाच डब्यात भरून झाकण लावलं, आतल्या आत वाफ धरली. दुसरी चूक महिन्याची. जुलैत पुण्याच्या हवेत पापडसुद्धा उभा राहत नाही, तिथे बाकरवडीचा प्रयोग करणारा मीच. आठव्या दिवशी उरलेल्या सहा वड्या मिक्सरमधून काढून दहीभातावर घातल्या. हे मात्र करून बघण्यासारखं आहे, त्यासाठी वडी मऊ पडायची वाट बघू नका.

पैशांचं म्हणाल तर खोबरं, खसखस, तेल आणि गॅस धरून घरची वडी पाकिटापेक्षा स्वस्त पडली नाही. आधीचे तीन रविवार धरले तर हिशेब न केलेला बरा.

आणि ती भलतीच वस्तू. चौथ्या रविवारी दोन वाट्या सारण आणि लिंबाएवढे पाच-सहा गोळे पीठ उरलं होतं. मी आवरायला लागलो तर हिने मला ओट्यावरून बाजूला केलं. फ्रिजमधून कोथिंबिरीची मोठी जुडी काढली, धुऊन, फडक्यावर कोरडी करून, बारीक चिरून माझ्या सारणात घातली. वर लसूण, आलं, हिरवी मिरची आणि लिंबू. पोळी लाटून मधे भरपूर सारण ठेवलं, दोन्ही बाजूंनी पुड्यासारखी घडी घातली, टोकं दाबली आणि तेलात सोडली. ना थर्मामीटर, ना ब्रश. बाहेरून कडक, आत ओलसर, हिरवं, गरम. सोबत कढी. पुडाच्या वडीत मधला भाग कोरडा व्हायलाच नको असतो. ज्या ओलाव्याशी मी चार रविवार झगडत होतो तो तिच्या वडीत मुद्दाम ठेवलेला होता. मी पाच खाल्ल्या. नात म्हणाली, “आबा, हीच का नाही करत आपण?” ही काही बोलली नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं.

ज्यांना घरी करून बघायची आहे त्यांना: शेव घाला, कोळ कमी लावा, जाडीसाठी फुटपट्टी वापरा, नोव्हेंबरनंतर करा, आणि त्याच दिवशी खाणारी माणसं घरात बोलावून ठेवा. बरणीत भरून महिनाभर पुरवायची असेल तर बाजीराव रस्ता गाठा. मी काल जाऊन आलो. अर्धा किलो घेतली. निघताना हिने हातात पिशवी दिली आणि म्हणाली, “येताना मंडईतून सांबार आणा. दोन जुड्या.” या वेळी बरोबर आणला.