चॅपलचा जुना ऑर्गन जळगावात दुरुस्त केला, त्याचा अनुभव

आधीच सांगून टाकतो, पाचपैकी चार स्टार. पाचवा तारखांमुळे गेला, त्याचं पुढे सांगतो.

आमच्या कॉलेजचं चॅपल नंदुरबारकडे, छोटंसंच, कीबोर्डवर भागत होतं. एका जुन्या मिशन बंगल्याची मागची खोली रिकामी करताना कापसाच्या गोण्यांखाली हा ऑर्गन निघाला, भंगारवाला लाकडाच्या भावात उचलायला उभाच होता. वर सोनेरी पाईपांची रांग, त्यामुळे सगळ्यांना वाटलं अरे हा तर पाईप ऑर्गन! पण ते पाईप नुसते शोभेचे, मुके. खरा आवाज आतल्या पितळी रीडचा, म्हणजे हवेनं थरथरणाऱ्या पातळ जिभांचा. नावाची पट्टी पुसली तर एस्टी, ब्रॅटलबरो, व्हर्माँट. पोरांनी लगेच लाल डब्याचा जोक मारलाच. या अमेरिकन कंपनीनं पाच लाखांच्या वर रीड ऑर्गन बनवले, म्हणजे कोणी दुर्मिळ दुर्मिळ करून पैसे उकळत असेल तर सावध राहा.

आधी एका मोठ्या शहरातल्या दुकानात नेला होता. त्यांनी भात्याच्या फाटलेल्या जागेवर फेव्हिकॉल थापला, दहा दिवसांत परत फुस्स, आणि वरून सल्ला की सर एवढ्यात नवा कीबोर्ड येतो. आठ हजार गेले.

मग कोणीतरी जुन्या जळगावातल्या तात्यांचं सांगितलं. दुकानाला पाटी नाही, गल्लीत पेटीवाले म्हणून विचारायचं. त्यांचे वडील संगीत नाटकांच्या साथीचे पायऑर्गन दुरुस्त करायचे म्हणे. छोटा हत्ती करून अमळनेरमार्गे ऑर्गन नेला, तात्यांनी हात लावायच्या आधी पाठ उघडली आणि नुसता वास घेतला. म्हणाले, उंदीर. खरंच भात्यात घरटं होतं, आणि पट्ट्यांखालच्या नमद्याला कसर लागलेली.

आपली हातपेटी हवा बाहेर ढकलते, हा अमेरिकन ऑर्गन उलटा, पायडल मारलं की हवा आत ओढतो, म्हणून आवाज मऊ येतो पण बाहेरची धूळही रीडमधून आत जाते आणि बारीक कचरा अडकला की तो सूर मुका. ६१ पट्ट्या, दोन संच, म्हणजे १२२ रीड. तात्यांनी एकेक रीड आकड्यानं ओढून काढली, ब्रशनं झटकली आणि पुठ्ठ्यावर नंबर टाकून ओळीनं मांडली. सात तुटलेल्या होत्या. गुजरातेतल्या पालिताण्याच्या रीड आपल्या पेटीला स्क्रूनं बसतात, ह्याच्या सरकत्या खाचेत त्या बसत नाहीत, म्हणून त्यांनी एका मोडक्या ऑर्गनमधल्या जुन्या काढून लावल्या. सूर लावताना मी दोन तास शेजारी बसलो होतो. रीडचं टोक जरा खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. दोन घासे, वाजवून बघ, परत एक घासा. बघणाऱ्याचाच जीव वर-खाली.

सगळ्यात आवडलं ते सरसाचं. जुनं फेव्हिकॉल खरवडायलाच त्यांना चार दिवस लागले आणि त्या चार दिवसांत त्या दुकानदाराचा जो उद्धार झाला तो इथं लिहिता येणार नाही. नवं रबरी कापड त्यांनी डबल भांड्यात गरम केलेल्या सरसानंच चिकटवलं. मी विचारलं फेव्हिकॉल पक्का नाही का, तर म्हणे पक्का आहे हेच तर दुखणं, सरस गरम पाण्यानं सुटतो, उद्या दुसऱ्या कोणाला भाता उघडायचा असेल तर लाकूड फाडायला नको.

ऑर्गनचा मूळ सूर आजच्या ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या सुरापेक्षा थोडा चढा आहे. उतरवायला सगळ्या रीड खरवडाव्या लागल्या असत्या, तात्या साफ नाही म्हणाले, जुन्या रीडचा जीव जातो. ऑर्गनपुरतं बरोबर आहे, पण आमची गिटारवाली पोरं वैतागलीत, दर रविवारी तारा चढवत बसतात.

आता तक्रार. गणपतीत देतो म्हणाले, मिळाला नाताळच्या चार दिवस आधी. फोन उचलत नाहीत, पावती मागितली तर वहीच्या कागदावर. मी एकदा चिडून गेलो तर चहा पुढं केला आणि म्हणे, "हाई घाईनं काम नई शे भो." वर काय बोलणार? पास्टरांनी मात्र डिसेंबरभर माझं डोकं खाल्लं.

खर्च ३८ हजार, टेम्पो वेगळा. कूलरचा झोत ऑर्गनवर येऊ द्यायचा नाही ही ताकीद, मे महिन्यात ४५ डिग्रीत चॅपलमध्ये बसणाऱ्यांनी ती कशी पाळायची ते देवच जाणे.

एक काम बाकी आहे. आवाज थरथरवणारा आतला पुठ्ठ्याचा पंखा अजून अडखळतो, तात्या येऊन बघणार आहेत, कधी ते विचारू नका. शेवटचे दीड हजार त्यांनी घेतलेच नाहीत. "पंखा फिरना की मंग दिजो."