एक मोसम, पाच स्पर्धा, एक पिशवी: काय टिकलं, काय कपाटात गेलं

लेक दहा वर्षांची. गेल्या जूनमध्ये तिचे पोहण्याचे सर म्हणाले, "ताई, आता हिला स्पर्धेत उतरवू." त्या एका वाक्यावर मी आठवडाभरात साडेअठरा हजार रुपये उडवले. आमच्या घराण्याची पोहण्याची परंपरा म्हणजे आजोळच्या विहिरीत पाठीला डबा बांधून मारलेल्या उड्या. तेव्हा काय लागतं नि काय नाही, हे सांगणारं कोणी नव्हतं. दिसलं ते घेतलं. आता फेब्रुवारी आहे. आठ महिने झाले, पाच स्पर्धा झाल्या. त्यातल्या दोन बालेवाडीच्या ५० मीटर तलावात, एक मालवणला समुद्रात. त्या खरेदीचं काय झालं ते लिहिते.

आधी गॉगल, कारण पहिली स्पर्धा आम्ही गॉगलमुळे घालवली. रोजचा गॉगल डेकॅथलॉनमधला, नाबायजीचा, मऊ आणि जाड कडांचा. किंमत पाचशेच्या आतबाहेर. तो सात महिने रोज पाण्यात होता आणि अजून गळत नाही. स्पर्धेसाठी मात्र मी आरशासारख्या काचांचा छोटा रेसिंग गॉगल घेतला होता. तो "नवा राहू दे" म्हणून डबीतच ठेवला, दिवाळीचे कपडे ठेवावेत तसा. स्पर्धेच्या सकाळी डबी उघडली. ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोक, २५ मीटरचा तलाव. हिने सूर मारला आणि गॉगल थेट ओठांवर आला. भिंत नीट दिसली नाही, वळताना एक हात आधी टेकला. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागावे लागतात. निकालाच्या कागदावर वेळेच्या जागी डीक्यू, म्हणजे बाद. सर रागावले नाहीत, एवढंच विचारलं, "हा घालून आधी सूर किती मारले होते?"

एकही नाही.

तेव्हापासून स्पर्धेचा गॉगल आधीच्या दोन आठवड्यांत सरावाला निघतो, आणि त्यात फक्त सूर मारायचे. नाकावरची पट्टी बदलता येते हेही मला तेव्हाच कळलं. डबीत तीन मापं होती, आम्ही मोठ्यांचंच लावून बसलो होतो. छोटं लावल्यावर गॉगल हललेला नाही. दुसरी गोष्ट धुक्याची. धुकं धरू नये म्हणून काचेला आतून जो थर असतो, तो बोटाने पुसला की जातो. माझ्या मुलीने (आणि खरं सांगायचं तर मीही) पहिल्या महिन्यातच तो पुसून टाकला. आता लहान बाळाच्या शाम्पूचा एक थेंब आत फिरवायचा, साध्या पाण्याने खळबळून टाकायचा, बस. एका स्पर्धेपुरतं भागतं. पिशवीत गॉगल नेहमी दोन असावेत. पट्टी तुटते ती घरी तुटत नाही.

दुसरी वस्तू स्टॉपवॉच. तीनशे साठ रुपये. सगळ्यांत स्वस्त आणि घरात सगळ्यांत जास्त भांडणं लावणारी.

घड्याळात खोट काही नाही. बटण कडक आहे, शंभर लॅप लक्षात ठेवतं, पाणी उडालं तरी बंद पडत नाही. खोट माझ्यात होती. बालेवाडीत ५० मीटर फ्रीस्टाईलला माझ्या घड्याळात ३८.९१ आणि कागदावर ३९.२२. मी तावातावाने सरांकडे गेले की टाइमकीपरने उशिरा बटण दाबलं. त्यांनी मला जागेवर नेऊन दाखवलं. ५० मीटरच्या तलावात ५० ची शर्यत पलीकडच्या टोकाला सुरू होते आणि अलीकडे संपते. मी बसलेली शेवटाच्या बाजूला. बझरचा आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर वेगाने येतो, म्हणजे माझ्यापर्यंत पोचायलाच ०.१५ सेकंद. त्यावर माझा अंगठा हलायला आणखी थोडा वेळ. शेवटी मात्र ती भिंतीजवळ येताना दिसते, तेव्हा बटण अगदी वेळेवर, कधी तर हात लागायच्या आधीच दाबलं जातं. म्हणून आईच्या घड्याळात मूल नेहमी जोरात पोहतं! टाइमकीपर भिंतीशी लेनच्या वर उभे असतात, आणि हाताने वेळ घेतात तिथे एका लेनला तीन घड्याळं असली आणि तिन्ही वेगळी निघाली तर मधली वेळ धरतात. गॅलरीतल्या चौथ्या घड्याळाला कोणी विचारत नाही.

याच घड्याळाने आणखी एक घोटाळा केला. दुसऱ्या स्पर्धेची एन्ट्री भरताना १०० मीटर फ्रीस्टाईलसाठी मी आमच्या २५ मीटरच्या तलावात मीच मोजलेलं टायमिंग लिहिलं. २५ च्या तलावात शंभर मीटरला तीन वळणं, म्हणजे भिंतीला लाथ मारून तीन वेळा फुकटचा वेग. ५० च्या तलावात वळण एकच. हीट (म्हणजे एका वेळी पोहणारा गट) आणि लेन ठरतात एन्ट्रीच्या वेळेवर. माझ्या हुशारीने ती सगळ्यांत वेगवान हीटमध्ये गेली आणि बाकीच्या मुली बाहेर येऊन अंग पुसत असताना ही अजून दहा मीटर लांब. एकटीने एवढ्या लोकांसमोर पोहत यायला दहाव्या वर्षी काय वाटत असेल, याचा विचार मी घरी आल्यावर केला. वेळ तशी वाईट नव्हती. तिला मात्र ती आजवरची सगळ्यांत वाईट शर्यत वाटते. आता एन्ट्री सर भरतात.

गुडघ्यापर्यंतचा रेसिंग सूट हा माझ्या खरेदीतला सगळ्यांत मोठा मूर्खपणा. सात हजार नऊशे. पॉलियुरेथेनचे सूट १ जानेवारी २०१० पासून बंद आहेत, आता कापडीच चालतात, एवढं मी वाचलं होतं आणि त्या ज्ञानावर खूश होते. दहा वर्षांच्या मुलीला त्याची गरज काय, हे वाचलं नव्हतं. ऑनलाइन मागवला तर माप चुकीचं आलं. विक्रेत्याने बदलून द्यायला पाच आठवडे लावले आणि परतीचं कुरिअर माझ्या माथी मारलं. घालायला वीस मिनिटं लागतात, तेही अंग कोरडं असेल तर. वॉर्मअपनंतर ओल्या अंगावर चढवताना स्वच्छतागृहात मायलेकी दोघी रडकुंडीला आलो होतो आणि बाहेर तिचं नाव पुकारत होते. तोवर रोजच्या साध्या सूटमध्ये केलेल्या वेळेत आणि यातल्या वेळेत फरक पडला तो सात शतांश सेकंदाचा. तेवढा तर केस कापूनही पडला असता.

टोपीचा किस्सा माझ्या सासूबाईंचा. स्पर्धेच्या आदल्या रात्री त्यांनी प्रेमाने नातीच्या डोक्यावर खोबरेल तेल थापलं, "क्लोरीनने केसांचा झाडू झालाय पोरीच्या." पुढच्या सकाळी लेटेक्सची टोपी घालताना चिकट झाली, घसरली आणि दुपारच्या शर्यतीआधी टरकन फाटली. तेलाने लेटेक्स कमकुवत होतं. सिलिकॉनची टोपी तिप्पट महाग, पण आठ महिन्यांत एकच लागली. तेल आता रविवारी. आजींना हे मी सांगितलं नाही, नातीनेच सांगितलं. मी सांगितलं असतं तर वेगळं ऐकू आलं असतं.

बाकीचं भराभर. सोलापुरी जाड टॉवेल घरी छान, पण दोन शर्यतींत ओला झाला की दगडासारखा जड आणि संध्याकाळपर्यंत वाळत नाही. मायक्रोफायबरचा अंगाला चिकटतो म्हणून तिला आवडत नाही. शेवटी जिंकला तो बाबांचा पंचा. असे तीन पंचे न्यायचे, रेलिंगवर टाकले की पुढच्या हीटपर्यंत वाळतात. वर एक जुना स्वेटशर्ट, कारण शर्यतींच्या मध्ये दोन-दोन तास बसावं लागतं आणि पोरं तिथेच गारठतात. तीस रुपयांचं परमनंट मार्कर तर सोन्याचं. सकाळी याद्या लागल्या की मनगटावर इव्हेंट, हीट आणि लेन लिहून टाकायची, म्हणजे ती मला शोधत येत नाही. मात्र लिहून पूर्ण वाळल्याशिवाय सनस्क्रीन नको, आणि नंतरही त्या जागेवर चोळायचं नाही. शाई पुसली जाते. एकदा आमच्या लेन ३ ची ८ झाली होती.

खाण्याच्या डब्यात मी सुरुवातीला महागड्या प्रोटीन बार ठेवल्या. त्या सगळ्या तिच्या मैत्रिणींनी खाल्ल्या. इडली, केळं, राजगिऱ्याचा लाडू, खजूर. तळलेलं काही नाही, वडापाव शेवटच्या शर्यतीनंतर. बक्षीस म्हणून तोच मागते.

तो आरशासारखा गॉगल वाया गेला नाही. डिसेंबरात मालवणच्या चिवला बीचवर समुद्री जलतरण स्पर्धा होतात, तिथे तो खऱ्या अर्थाने कामाला आला. किनारा पश्चिमेचा, शर्यत सकाळची. आत जाताना सूर्य पाठीशी आणि परतताना थेट डोळ्यांत. साध्या काचांची मुलं मान वर काढून किनारा शोधत होती. तिथे काखेला आणि मानेला व्हॅसलिन लावायचं हे आम्हाला एका अनोळखी काकूंनी शेवटच्या मिनिटाला सांगितलं आणि त्यांच्याच डबीतलं दिलं. खारं पाणी आणि सूटची कड मिळून मानेची सालटं काढते म्हणे. आमची वाचली. नंतरचं बांगड्याचं जेवण या परीक्षणात बसत नाही, पण नोंद असावी.

जानेवारीच्या स्पर्धेला पिशवी तिने स्वतः भरली. मी रात्री चोरून तपासली: दोन गॉगल, सिलिकॉनची टोपी, तीन पंचे, मार्कर, स्वेटशर्ट, चपला. स्टॉपवॉच काढून माझ्या उशाशी ठेवलं होतं. मी काही बोलले नाही, नेलंही नाही. गॅलरीत हातांचं काय करायचं ते कळेना, म्हणून शेजारच्या बाईंची लोकर गुंडाळून दिली.

स्टॉपवॉच आता सरांकडे आहे. सूट विकायचा आहे, माप २४, दोनदाच घातलेला. अंग कोरडं ठेवा.