सज्ज्याखालची खुर्ची
नूतनीकरणानंतर खुल्या झालेल्या एका मोठ्या सभागृहात मी एकाच आठवड्यात दोन कार्यक्रम ऐकले. पहिला ध्वनिक्षेपकांविना झालेला तंतुवाद्यांचा होता, तर दुसरा ड्रम, बेस गिटार आणि गायक अशा भरगच्च ताफ्याचा. पहिल्या रात्री जी वास्तू वाद्यांना साथ देत होती, तीच दुसऱ्या रात्री गाण्याच्या मुळावर उठली.

याचे कारण घुमण्यात आहे. आवाज थांबल्यावर त्याचा नाद विरायला लागणारा वेळ वाद्यवृंदासाठी दोन सेकंदांच्या आसपास असावा. ध्वनिवर्धकावरच्या संगीताला मात्र साधारण एक सेकंद किंवा त्याहूनही कमी पुरतो, अन्यथा बेसचे सूर एकमेकांवर चढतात आणि शब्द बुडतात. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सबाइन यांनी १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात नाद शोषून घेणाऱ्या खुर्च्यांवरच्या गाद्या आणून मांडत हा वेळ मोजायला सुरुवात केली आणि १९०० साली उघडलेल्या बॉस्टनच्या सिम्फनी हॉलच्या रचनेत ते गणित वापरले गेले. मी गेलो त्या सभागृहातही घुमणे कमी करायला भिंतींवर सोडण्यासाठी जाड पडदे आहेत, पण दुसऱ्या रात्री ते छताशी गुंडाळलेलेच राहिले. सोय करून ठेवायची आणि ऐन वेळी कुणी कळ दाबायची नाही, याला काय म्हणावे?

माझी खुर्ची सज्ज्याखाली, शेवटून तिसऱ्या रांगेत होती. खोल सज्ज्याखाली छतावरून परतणारा नाद पोहोचत नाही आणि वर टांगलेले मुख्य ध्वनिक्षेपकही नजरेआड जातात, म्हणून तिथे छोटे पूरक ध्वनिक्षेपक बसवतात. आवाजाला ३४ मीटर कापायला सुमारे एक दशांश सेकंद लागतो. मुख्य ध्वनिक्षेपकांचा आवाज मागे पोहोचायला जेवढा वेळ लागेल, तेवढा उशीर या पूरक ध्वनिक्षेपकांना मुद्दाम द्यावा लागतो. इथे तो दिलेला नसावा, कारण ड्रमचा प्रत्येक ठोका मला दोनदा ऐकू येत होता, आधी डोक्यावरून आणि मग समोरून. मध्यंतरानंतर मी आवाज जुळवणाऱ्या मिक्सरच्या मागची एक रिकामी खुर्ची गाठली, तर तिथे सगळे स्वच्छ! ध्वनितंत्रज्ञ सज्ज्याबाहेर बसून आपल्या कानांवर विसंबला होता, आणि मागच्या दहा रांगांत काय चालले आहे हे पाहायला तो एकदाही उठून आला नाही.

आवाजाची पातळीही नको तितकी चढवलेली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आणि कानांना विसावा देणारी शांत जागा असावी असेही म्हटले. इथे विसाव्याच्या नावाने फक्त जिना होता, आणि तिथेही भिंतीवरच्या ध्वनिक्षेपकातून तेच गाणे वाजत होते. घरी पोहोचेपर्यंत माझे कान वाजत राहिले.

बाकी रांगांचा उतार चांगला आहे, पुढच्याचे डोके आड येत नाही आणि बाहेर पडण्याचे दरवाजे पुरेसे रुंद आहेत. पहिल्या रात्री हळुवार जागांवर वातानुकूलन यंत्राची घरघर ऐकू आली, तेवढी दुरुस्त व्हायला हवी.

ध्वनिवर्धकाविना कार्यक्रम असेल तर इथे जरूर जावे. ताफ्याच्या कार्यक्रमाला मात्र तिकीट काढताना आसनांचा नकाशा उघडून सज्ज्याची कड कुठे संपते ते पाहावे आणि त्याच्या पुढचीच खुर्ची घ्यावी. ती मिळत नसेल तर मी तरी घरीच बसेन.