‘सिबिल दुरुस्ती केंद्रा’ची फ्रँचायझी: सोलापुरातील फसवणुकीचा अनुभव

‘खराब सिबिल’, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींचा खराब पतअहवाल, ‘तीस दिवसांत क्लिअर’ करू अशा जाहिराती करून गावोगावी फ्रँचायझी विकणाऱ्या कंपन्या वाढत आहेत, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. बाहेरगावच्या अशाच एका कंपनीने मला सोलापूरची फ्रँचायझी विकली, माझ्या ओळखीच्या जोरावर पूर्व भागातील लोकांकडून पैसे गोळा केले आणि पुढे हात वर केले.

पतसंस्थेच्या वसुली विभागात मी बरीच वर्षे काम केले आहे. यंत्रमागधारक, विडी कामगार महिला आणि छोटे दुकानदार यांचे हप्ते कशामुळे थकतात हे मला जवळून ठाऊक आहे, आणि त्यांची गरजही खरी आहे. कर्ज फेडूनही खाते चालूच दिसते, नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे कर्ज आपल्या पतअहवालात येते, जामीन राहिलेल्या कर्जाची थकबाकी अचानक समोर येते. अशा लोकांना कागदपत्रांची मदत करणारे केंद्र हा प्रामाणिक व्यवसाय होऊ शकतो, असे माझे आजही मत आहे.

कंपनीने पंच्याऐंशी हजार रुपये घेऊन फलक, पोर्टलचे लॉगिन आणि ‘सरकारमान्य’ असल्याचा पुरावा म्हणून उद्यम नोंदणी व जीएसटी प्रमाणपत्र दिले. दोन्ही कागद खरे होते, आणि लोकांचा विश्वास बसतो तो नेमका इथेच. उद्यम नोंदणी स्वतःच्या घोषणेवर विनाशुल्क होते आणि जीएसटी क्रमांक हा केवळ करासाठी असतो. त्यांपैकी एकानेही कोणाच्या पतअहवालात हात घालण्याचा अधिकार मिळत नाही. पतमाहितीचे काम 2005 च्या कायद्याखाली ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या करतात, आणि कर्ज देणाऱ्या संस्थेने दुजोरा दिल्याशिवाय त्यासुद्धा कर्जाची नोंद बदलू शकत नाहीत. ‘आतली सेटिंग’ असल्याचे सांगणारा माणूस म्हणूनच खोटे बोलत असतो.

मग ते पोर्टल करत काय होते? ग्राहकाचा ओटीपी घेऊन, त्याच्या नावाने नवा ई-मेल आणि कंपनीच्या ताब्यातला मोबाइल क्रमांक जोडून, प्रत्येक थकीत खात्यावर ‘हे कर्ज माझे नाही’ अशी सरसकट तक्रार नोंदवत होते. तक्रार दाखल झाली की अहवालात ते खाते वादग्रस्त असल्याचा शेरा येतो; त्याचाच स्क्रीनशॉट ‘काम सुरू झाले’ म्हणून ग्राहकाला पाठवला जाई आणि फीचा दुसरा हप्ता मागितला जाई. पुढे बँक नोंद बरोबर असल्याचे कळवी, शेरा निघून जाई आणि हप्ता किती दिवस उशिरा भरला हे दाखवणारे आकडे होते तसेच उरत. ज्याने खरोखर कर्ज घेतले होते, त्याच्या नावावर मात्र एक खोटे विधान नोंदले गेलेले असे.

सर्वांत वाईट प्रकार तडजोडीचा होता. एका विडी कामगार भगिनीला कंपनीने सांगितले की, थकबाकीची निम्मी रक्कम आमच्या खात्यात भरा, आम्ही बँकेशी सेटलमेंट करून देतो. तिने दागिना मोडून पैसे भरले आणि तिला बँकेच्या लेटरहेडवर ‘थकबाकी नसल्याचा दाखला’ मिळाला. शिक्का ठसठशीत, सही झोकदार. परंतु कर्ज खाते क्रमांकात एक अंक कमी होता. तो कागद घेऊन मी तिच्यासोबत शाखेत गेलो, तेव्हा तिच्या कर्जखात्यात एक रुपयाही जमा झालेला नव्हता. शिवाय खरी तडजोड झाली असती, तरी अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा राहिला असता आणि पुढचे कर्ज देताना बँका त्याकडे बोट दाखवतातच. ही गोष्ट कंपनीने कोणालाही सांगितली नव्हती.

मी जाब विचारल्यावर माझे लॉगिन बंद झाले आणि करारातील एक कलम पुढे करण्यात आले: ग्राहकाला दिलेल्या आश्वासनाची जबाबदारी सर्वस्वी फ्रँचायझीधारकाची राहील. या धंद्याची सारी रचना त्या एका वाक्यात आहे. अनोळखी कंपनीला सोलापूरचा माणूस पैसे देणार नाही, पण ओळखीच्या माणसाच्या पावतीवर देतो; त्यामुळे पैसे वर जातात आणि तक्रारी खाली राहतात. ग्राहकांच्या पावत्या, तो बनावट दाखला आणि बँक खात्याचे उतारे जोडून मी पोलिसांकडे फसवणुकीची तक्रार दिली आहे.

ज्या कामाचे हजारो रुपये घेतले जात होते, ते मोफत होते हे विशेष चीड आणणारे आहे. चारही कंपन्यांकडून दरवर्षी एक संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो आणि चुकीच्या नोंदीची तक्रारही विनामूल्य करता येते. तीस दिवसांत तिचा निपटारा झाला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार उशिराच्या प्रत्येक दिवसासाठी शंभर रुपये भरपाई मिळते. दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. नोंद खरी असेल, तर थकबाकी थेट कर्जखात्यात भरणे आणि पुढचे हप्ते वेळेवर देणे, याशिवाय मार्ग नाही.

ज्यांनी अशा एखाद्या केंद्रात ओटीपी दिला असेल, त्यांनी आधी स्वतःचा अहवाल काढून त्यातील मोबाइल क्रमांक आणि ई-मेल आपलेच आहेत का ते तपासावे. परके आढळल्यास पतमाहिती कंपनीला आणि आपल्या बँकेला लेखी कळवून ते काढून घ्यावेत, पासवर्ड बदलावा आणि आपल्या नावाने एखादे न घेतलेले कर्ज दिसते का, हे चारही अहवालांत पाहावे. पैसे नुकतेच ऑनलाइन दिले असतील, तर सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर त्याच दिवशी तक्रार नोंदवावी.