'एलेव्हेशन ऑफ प्रिव्हिलेज': सुरक्षेचे पत्ते, काही महिने वापरल्यानंतर

सिस्टिममध्ये हल्लेखोर कुठून शिरेल याची बैठक लावली, की दोघे बोलतात आणि बाकीचे लॅपटॉपमध्ये डोकं घालतात. या पत्त्यांनी ते खरोखर बदलतं. अ‍ॅडम शोस्टॅक यांनी मायक्रोसॉफ्टमध्ये असताना तयार केलेला हा खेळ २०१० मध्ये आला. परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे मोकळ्या वापराचा, त्यामुळे पीडीएफ उतरवून जाड कागदावर बिनधास्त छापा.

पत्ते ७४, हल्ल्याच्या प्रकारांवरून रंग सहा: स्पूफिंग (दुसऱ्याचं सोंग घेणं), टॅम्परिंग (डेटात फेरफार), रिप्यूडिएशन (केलेलं नाकारणं), इन्फर्मेशन डिस्क्लोजर (माहिती फुटणं), डिनायल ऑफ सर्व्हिस (सेवा बंद पाडणं) आणि हुकूम म्हणजे एलेव्हेशन ऑफ प्रिव्हिलेज (नसलेले अधिकार मिळवणं). पहिली उतारी टॅम्परिंगच्या तिर्रीची. मेंढीकोट येणाऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही. फक्त पत्ता टाकताना त्यावरचा धोका मोठ्याने वाचून तो आपल्या सिस्टिममध्ये नेमका कुठे लागतो ते सांगायचं. जमलं तर एक गुण, हात केला तर आणखी एक. एक्क्याला पत्त्यांवर नसलेला धोका स्वतः शोधावा लागतो.

खरी गंमत इथेच आहे. लॉगमधून, म्हणजे सिस्टिम घडामोडींच्या नोंदी ठेवते तिथून, हल्ला करण्याचा पत्ता रिप्यूडिएशनमध्ये आहे. 'लॉग हॅक होईल' म्हटलं तर गुण नाही. 'नावाच्या रकान्यात नवी ओळ घुसवून लॉगमध्ये लॉगइन यशस्वी झाल्याची खोटी नोंद पाडता येईल' म्हटलं तर आहे, कारण त्याची चाचणी लिहिता येते. वाद झाला तर नियमातच कसोटी आहे: यावर बग नोंदवू का, डिझाइन बदलू का? उत्तर 'हो' असेल तर धोका खरा.

फसतं ते सिस्टिमच्या आकृतीपाशी. डेटा कुठून कुठे जातो आणि विश्वासाची हद्द (जिच्यापलीकडून आलेल्या डेटावर भरवसा ठेवता येत नाही ती रेघ) कुठे ओलांडतो, हे फळ्यावर नसेल तर सगळे हवेत बोलतात. बाणांना आकडे द्या, म्हणजे 'बाण ४ वर' असं बोट ठेवता येतं. एका बैठकीला एकच प्रवाह घ्या, उदाहरणार्थ पासवर्ड रिसेट. चौघांत प्रत्येकी १८-१९ पत्ते येतात, तासाभरात सगळे संपत नाहीत. संपवायची घाईही नको. टीममधल्या सुरक्षेच्या जाणकाराला खेळायला न बसवता नोंदी लिहायला बसवा, नाहीतर तोच बोलत राहतो. आणि प्रत्येक धोका त्याच दिवशी बग ट्रॅकरमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या कामांच्या यादीत, गेला पाहिजे. तेवढं झालं नाही तर नुसते गुण मोजून काय उपयोग?

टीमचं काम फक्त वेबचं असेल तर ओवास्प या सॉफ्टवेअर-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेचा 'कॉर्नुकोपिया' हा पत्त्यांचाच खेळ जास्त जवळचा वाटेल. त्यात सेशन (लॉगइननंतरची जोडणी), ऑथेंटिकेशन (ओळख पटवणं), क्रिप्टोग्राफी (सांकेतिक लिपीत डेटा लपवणं) असेच रंग आहेत.