१५ लिटरचा गीझर: एक हिवाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतर

आधी दिव्याबद्दल लिहिते, कारण रोज सकाळी माझं डोकं तोच फिरवतो. जुन्या गीझरला एक बारकासा लाल दिवा होता. लागला की पाणी तापतंय, विझला की तापलं. बटण बंद करा आणि आंघोळीला जा. घरातल्या सगळ्यांना एवढी अक्कल वर्षानुवर्षं पुरली. नव्या गीझरला समोर एक गोल वलय आहे. पाणी गार असताना ते निळं, तापलं की लाल, आणि बटण चालू आहे तोवर ते विझतच नाही. सासूबाई टॉवेल घेऊन पॅसेजमध्ये बसून राहतात आणि दर दोन मिनिटांनी विचारतात, "अगं, अजून लालच आहे, तापलं नाही का?" आई, लाल म्हणजे तापलं. "मग विझत का नाही?" कस्टमर केअरला फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, ते प्रीमियम फीचर आहे." साध्या दिव्याचं मॉडेल याहून हजार रुपयांनी स्वस्त होतं, हे मला तिच्याशी बोलताना आठवायला नको होतं.

जुना २५ लिटरचा होता. गेल्या दिवाळीच्या आधी खालून थेंब थेंब गळायला लागला आणि गीझर लावला की आरसीसीबी (वीज कुठे झिरपत असेल तर पुरवठा तोडणारा स्विच) पडायची. इलेक्ट्रिशियनने खालचं झाकण उघडलं तेव्हा मोरीत पांढऱ्या खपल्यांचा ढीग पडला. कॉईलवर बोटभर जाडीचा क्षार. त्याच्या शेजारी नुसती एक गंजलेली तार लोंबत होती. ती तार म्हणजे मॅग्नेशियमचा रॉड, असं तो म्हणाला. रॉड कधीच संपला होता, त्याच्या आतली सळई तेवढी उरली होती. टाकीच्या लोखंडाऐवजी तो स्वतः झिजतो, म्हणून आत बसवतात. तो संपला की पाणी टाकीला खायला लागतं. इतक्या वर्षांत सर्व्हिसला येऊन गेलेल्या एकाही माणसाने या रॉडचं नाव काढलं नव्हतं. भंगारवाल्याने तीनशे रुपये दिले.

मग काय घ्यायचं यावर घरात अधिवेशन भरलं. सोलरचा आग्रह ह्यांचा, कारण महापालिका मिळकतकरात सवलत देते. पण आमचा मजला खालून तिसरा, गच्ची वर अकराव्यावर. पाऊण इंची पाइपात मीटरला पाव लिटरच्या वर पाणी मावतं. तीसेक मीटरची लाइन म्हणजे सकाळी आठ-नऊ लिटर गार पाणी सोडून द्यायचं, तेव्हा कुठे गरम हाताला लागणार. पुण्याच्या वाघोलीत टँकरचे पैसे मोजणाऱ्या माणसाला हे परवडत नाही. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये बॅकअपची वीज आहेच. स्वतःचं घर, स्वतःची गच्ची असेल तर मात्र मी डोळे मिटून सोलर घेईन.

गॅस गीझर हिशेबाला विजेपेक्षा स्वस्त पडतो, हे मी स्वतः मांडून पाहिलंय. पण आमच्या बाथरूमची खिडकी म्हणजे डक्टमध्ये उघडणारी जाळी. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. विषय तिथेच संपला. हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा हीट पंप फ्लॅटमध्ये ठेवायचा कुठे, म्हणून तोही नाही.

राहिला ३ लिटरचा इन्स्टंट. दुकानदार तोच गळ्यात मारत होता, "मॅडम, लगेच गरम!" लगेच गरम खरं, पण किती? ३ किलोवॅटचा गीझर मिनिटाला २ लिटर पाण्याचं तापमान वीस-एकवीस अंशांनी वाढवतो, त्याहून जास्त नाही. डिसेंबरात आमच्या टाकीचं पाणी १८-२० अंशांवर येतं. म्हणजे चाळीसच्या आसपासचं पाणी, बादली भरायला सात-आठ मिनिटं, आणि नळ जरा मोठा सोडला की कोमट. सासूबाईंना पाणी कडकडीत लागतं. विसण घालून पोळणार नाही एवढं करून घ्यायचं, ही त्यांची पद्धत. इन्स्टंटमध्ये विसण घालायची वेळच येत नाही. स्वयंपाकघरातल्या सिंकला तो ठीक.

म्हणून १५ लिटरचा, २ किलोवॅटचा, फाइव्ह स्टार स्टोरेज घेतला. ६० अंशांचं १५ लिटर पाणी म्हणजे विसण धरून दोन लहान बादल्या. आम्ही चौघं, पण दोघं सकाळी आणि दोघं संध्याकाळी. पुन्हा तापायला वीसेक मिनिटं लागतात. शॉवरखाली गाणी म्हणत उभं राहणारं कुणी घरात असेल तर २५च घ्या.

"फ्री इन्स्टॉलेशन" म्हणजे काय ते आता सांगते. माणूस फ्री, ड्रिल फ्री, पण दोन कनेक्शन पाइपांचे साडेसहाशे, कारण ते बॉक्समध्ये येत नाहीत. नऊ हजारांच्या वस्तूबरोबर दोन हातभर पाइप देता येत नाहीत? बाहेर हार्डवेअरच्या दुकानात तसेच पाइप तीनशेला मिळतात. पण ते लावले तर वॉरंटीला अडचण येईल, असं तो माणूस अगदी हळू आवाजात म्हणाला. मी साडेसहाशे दिले. पावती मागितली तर नव्हती. मागे लागून, फोन करून आठवड्याने मिळवली. ती पुढे कामाला आली.

दुसऱ्याच आठवड्यात गीझरच्या जास्तीचा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून थेंब पडायला लागले. पुन्हा गळती! तक्रार केली. आलेल्या माणसाने वर न पाहताच निदान केलं, "व्हॉल्व्ह गेला, साडेचारशे, वॉरंटीत बसत नाही." पंधरा दिवसांच्या गीझरचा व्हॉल्व्ह वॉरंटीत बसत नाही? मी त्याला चहा दिला आणि पावती दाखवून परत पाठवला. मग बरीच फोनाफोनी, दोन ईमेल, सुपरवायझरशी बोलणं, आणि "मी ग्राहक मंचात जाईन" हे वाक्य. ते बोलून झाल्यावर वयस्कर, अनुभवी असा एक मेकॅनिक आला. त्याने मला स्टुलावर चढवलं आणि गीझर लावून वीस मिनिटं थांबायला सांगितलं. थेंब फक्त पाणी तापताना पडत होते, तापलं की थांबत होते. पाणी तापलं की फुगतं, आत येणाऱ्या पाण्याला परतीची वाट नसते, मग जास्तीचं या व्हॉल्व्हमधून बाहेर येतं. दुसऱ्या दिवशी मी खाली मापाचा कप धरला: दोनशे मिलिलिटरच्या जरा वर. २० वरून ६० अंशांवर गेलं की पाणी साधारण दीड टक्का फुगतं. १५ लिटरचा दीड टक्का म्हणजे सव्वादोनशे मिलिलिटर. हिशेब जुळला. तेव्हा व्हॉल्व्ह ठणठणीत आहे. सतत गळत असेल, गार असतानाही, तरच तो खराब समजायचा. एक बारीक नळी लावून ते पाणी बादलीत सोडलंय. गीझरला शिव्या देत होते त्या आता पहिल्या माणसाच्या खात्यावर जमा केल्या आहेत.

आता विजेचं. महावितरणचं बिल १०० युनिटच्या पुढे गेलं की वरच्या प्रत्येक युनिटला बरेच जास्त पैसे मोजावे लागतात, म्हणून "गीझर बंद करा" हे मी दिवसातून किती वेळा ओरडत असेन याची गणती नाही. त्या न विझणाऱ्या दिव्यापायी तर कुणी बंद करतच नाही. चिरंजीवांनी युनिट मोजणारा १६ अँपिअरचा प्लग आणला आणि आम्ही गावाला गेलो तेव्हा गीझर मुद्दाम चालू ठेवला. मी प्रवासभर धुसफुसत होते. परत आल्यावर आकडा पाहिला: न वापरता चोवीस तास चालू राहिला तर अर्ध्या युनिटच्या आत. पाच-सहा रुपये. तासभर विसरला तर पंचवीस पैसेही नाहीत. पूर्ण टाकी तापवायला मात्र पाऊण युनिट लागतं. म्हणजे पैसे जातात ते पाण्यात, विसरण्यात नव्हे. इथे फाइव्ह स्टारला माझे गुण. लेबलवर "स्टँडिंग लॉस", म्हणजे न वापरता वाया जाणारी वीज, लिहिलेला असतो, घेताना तो आकडा नक्की बघा. तरी आंघोळीला जाताना गीझर बंदच करायचा हा नियम मी सोडलेला नाही. तो बिलासाठी नाही, शॉकसाठी आहे. इथे मात्र तो न विझणारा दिवा कामाला येतो: अंगावर पाणी घेण्याआधी बटण बंद आहे की नाही, हे मोरीतून एका नजरेत कळतं.

थर्मोस्टॅट ७५वर लावून आला होता, तो ६०वर आणलाय. पाणी जितकं जास्त तापवाल तितका क्षार जास्त बसतो.

क्षारावरून पुन्हा त्या रॉडकडे येते. आमच्या सोसायटीने मध्यंतरी सॉफ्टनर प्लांट बसवला. भांड्यांवरचे पांढरे डाग गेले, कॉईललाही आराम मिळेल. पण सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम सोडतो, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, जवळजवळ तेवढाच राहतो, आणि अशा पाण्यात मॅग्नेशियमचा रॉड उलट लवकर झिजतो, असं त्या वयस्कर मेकॅनिकनेच सांगितलं. वॉरंटी कार्डावर टाकीला ७ वर्षं लिहिलीयत. त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात, रॉड वेळेवर न बदलल्यास टाकीची वॉरंटी लागू नाही, आणि रॉडचा खर्च ग्राहकाचा. वेळेवर म्हणजे कधी, ते कुठेच नाही. कस्टमर केअर म्हणतं, तक्रार आल्याशिवाय टाकी उघडत नाही. मी रॉडचा भाव काढून ठेवलाय: सहाशे, वर व्हिजिटचे चारशे. येत्या दिवाळीला तक्रार काहीही नसताना "पाणी नीट तापत नाही" अशी तक्रार नोंदवणार आहे, आणि टाकी माझ्यासमोर उघडायला लावून रॉडचा फोटो तारखेसकट काढून घेणार आहे.